धरणगावची भिल्ल पलटण

धरणगावचे नाव निघाले की मराठी वाचकास प्रथम स्मरण होते ते बालकवींचे. त्र्यंबक बापूजी ठोंबरे यांचा जन्म १८९० साली याच गावी झाला, आणि गावाचा लौकिक एवढ्या एका गोष्टीवरही चिरकाल टिकावा. परंतु बालकवींच्या जन्माच्या ६५ वर्षे आधी याच गावात एक निराळीच घटना घडून आली होती. तिचा वृत्तांत शाळेच्या पुस्तकांत क्वचितच आढळतो, आणि आढळला तरी एका इंग्रज अंमलदाराच्या पराक्रमाची कथा म्हणूनच तो सांगितला जातो. आमच्या मते ती कथा पराक्रमाची नाही. शेजारी राहणाऱ्या दोन समाजांमधील विश्वास कसा मोडतो, मोडल्यावर तो पुन्हा कसा जोडता येतो, आणि जोडलेला विश्वास कशामुळे अपुरा राहतो, याचा तो एक धडा आहे. गावाची सुरक्षितता बंदुकीने होते की शब्दाने, हा प्रश्न आजही संपलेला नाही. म्हणून त्या जुन्या प्रकरणाकडे पुन्हा एकदा वळावे असे आम्हांस वाटते.

धरणगाव हे पूर्वीपासून सधन गाव. तापीच्या दक्षिणेकडील काळ्या जमिनीत पिकणारा कापूस, विणकरांचे माग आणि व्यापाऱ्यांच्या पेढ्या यांमुळे सतराव्या शतकातच त्याचे नाव दूरवर गेले होते. १६७४ साली सुरतेच्या इंग्रजांनी येथे वखार घातली. पुढील दहाबारा वर्षांत मराठ्यांच्या स्वाऱ्यांची झळ या गावास एकाहून अधिक वेळा लागली, यावरूनच त्याच्या संपत्तीची कल्पना यावी. उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस सातमाळ्याचे डोंगर आणि मध्ये हे सपाट, पिकाऊ खोरे, अशी खानदेशाची ठेवण आहे. डोंगरात भिल्ल आणि मैदानात कुणबी, गुजर, वाणी, ब्राह्मण, विणकर अशी वस्ती. या दोहोंचे वैर अनादी आहे अशी पुष्कळांची समजूत असते. ती चुकीची आहे.

जुन्या खानदेशात भिल्ल हा गावाबाहेरचा माणूस नव्हता. बहुतेक प्रत्येक मोठ्या गावाच्या कडेला भिलाटी असे, आणि त्या भिलाटीतील काही घराण्यांकडे गावच्या जागल्याचे काम वंशपरंपरेने चालत असे. रात्री गावाभोवती गस्त घालावी, खळ्यावरील धान्य राखावे, वाटसरूस पुढील गावच्या शिवेपर्यंत पोचवावे, हे जागल्याचे कर्तव्य. त्याबद्दल त्यास प्रत्येक खळ्यावर धान्याचा ठरलेला वाटा मिळे, क्वचित थोडी इनाम जमीनही असे. चोरी झाली तर माग काढण्याचे कामही त्याचेच. धुळीतील पाऊल, मोडलेली काडी, उलटलेला दगड यांवरून भिल्ल जागल्या चोराच्या मागोमाग शिवेपर्यंत जाई. तेथे पुढील गावच्या जागल्यास तो माग दाखवून देई, आणि मग ती जबाबदारी त्या गावाची होई. ज्या गावाच्या हद्दीत माग नाहीसा होईल त्या गावाने नुकसान भरून द्यावे, असा रिवाज होता. डोंगरातील नाईकांचेही घाटावरून जाणाऱ्या मालावर आणि पायथ्याच्या गावांवर काही हक्क असत, आणि त्यांच्या मोबदल्यात ते घाट निर्वेध ठेवीत.

ही व्यवस्था आदर्श होती असे आमचे म्हणणे नाही. भिलाटी गावाच्या कडेलाच होती, मध्ये नव्हती. आणि जागल्याचा वाटा देताना पाटलाचा हात किती आखडत असेल याची कल्पना करता येते. तथापि तिच्यात एक तत्त्व होते. गावाची राखण ज्याच्या हाती, त्याचे पोट गावाने सांभाळावयाचे. एकाने पहारा द्यावा, दुसऱ्याने वाटा द्यावा, आणि दोघांनी आपापला शब्द पाळावा.

हा शब्द प्रथम कोणी मोडला? याचे उत्तर आम्हां मराठी माणसांस सुखावह नाही. १८०२ साली यशवंतराव होळकरांच्या फौजा खानदेशातून गेल्या. त्यांच्यामागून पेंढारी आले. १८०३–०४ मध्ये भयंकर दुष्काळ पडला. गावेच्या गावे ओस पडली. जेथे खळेच उरले नाही तेथे जागल्याचा वाटा कोठून येणार? वाटा बंद झाला तसे भिल्ल डोंगरात गेले, आणि जे हात गाव राखीत होते तेच गाव लुटू लागले. येथपर्यंत दोष काळाचा मानता येईल. परंतु पेशव्यांच्या अंमलदारांनी यावर जो उपाय योजला त्याचा दोष काळावर घालता येणार नाही. भिल्लांस अभय देऊन, बोलणे करण्याच्या निमित्ताने बोलावून घ्यावे आणि जमल्यावर त्यांची कत्तल करावी, हा तो उपाय होता. १८०४ साली कोपरगाव येथे अशाच रीतीने जमविलेल्या भिल्लांस विहिरींत लोटून मारण्यात आले. धरणगावही या पापातून सुटले नाही. मराठी अमलात येथे भिल्लांची भयंकर कत्तल झाली अशी नोंद खानदेशच्या गॅझेटियरात आहे. त्रिंबकजी डेंगळ्यांच्या कारकीर्दीतही हाच क्रम चालू राहिला.

अशा कत्तलींनी लूटमार थांबली नाही, उलट वाढली. याचे कारण उघड आहे. शत्रूशी लढताना हार झाली तर मनुष्य पुन्हा तह करू शकतो. परंतु तहासाठी गेलेलाच परत आला नाही, तर पुढे तह करण्यास कोण जाईल? भिल्लांच्या मनातून ‘अभय’ हा शब्दच पुसला गेला. धरणगावच्या पेठेतील सावकारास रात्री झोप येईनाशी झाली ती डोंगरातील तीरकमठ्यामुळे खरी. पण त्या तीरकमठ्यामागे त्याच्याच गावात झालेला विश्वासघात उभा होता.

१८१८ साली पेशवाई बुडाली आणि खानदेश इंग्रजांच्या ताब्यात आला. पहिला अंमलदार कॅप्टन ब्रिग्ज याने घाट अडविले, डोंगरात जाणारे धान्य तोडले, काही नाईकांस पकडले आणि जे शरण आले त्यांस तनखे बांधून दिले. या दुहेरी धोरणाने थोडी शांतता आली, पण ती टिकली नाही. एक नाईक शरण यावा, दुसरा उठावा, असे सात वर्षे चालले. १८२५ मध्ये बागलाणात सेवारामाच्या चिथावणीने पुन्हा मोठा दंगा झाला. मैदानातील हवेने आणि डोंगरातील तापाने शिपाई मरत. भिल्ल मात्र झाडीत दिसेनासे होत.

तेव्हा मुंबईचा गव्हर्नर मौंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने, कलेक्टर रॉबर्टसन याच्या सल्ल्याने, निराळा मार्ग धरला. खानदेशात तीन भिल्ल एजन्सी स्थापन झाल्या. एक वायव्येस नंदुरबारकडे, दुसरी दक्षिणेस कन्नड येथे, आणि तिसरी ईशान्य भागासाठी धरणगावास. एजंटांनी भिल्लांचे जुने हक्क तपासावेत, गावांकडून ते मिळवून द्यावेत, ज्यांस शेती करावयाची त्यांस जमीन, बैल आणि तगाई द्यावी, आणि मागील गुन्ह्यांची विचारपूस फार करू नये, असे ठरले. धरणगावच्या एजंटावर याशिवाय आणखी एक काम सोपविण्यात आले. भिल्लांचीच एक पलटण उभारून तिच्याकडून प्रांताची राखण करवून घ्यावयाची. हा एजंट म्हणजे लेफ्टनंट जेम्स औट्रम. त्याचे वय तेव्हा अवघे २२ वर्षांचे होते.

औट्रमने आरंभ बंदुकीनेच केला हे लपविण्याचे कारण नाही. थोडे शिपाई बरोबर घेऊन तो डोंगरावर चढला आणि भिल्लांचा एक तळ त्याने उधळून लावला. परंतु त्यानंतर त्याने जे केले ते त्याच्या आधीच्या कोणी केले नव्हते. हाती सापडलेल्या कैद्यांच्या द्वारे त्याने त्यांच्या आप्तांशी बोलणे सुरू केले, आणि मग पहारा न घेता तो एकटा नाईकांच्या वस्तीत जाऊन राहिला. त्यांच्याबरोबर शिकार केली, त्यांच्याबरोबर मद्यप्राशन केले, त्यांच्यामध्ये रात्री झोपला. या सहवासातून अखेर पाच भिल्ल त्याच्याबरोबर येण्यास तयार झाले. धरणगावच्या पलटणीचा पाया तो एवढाच!

या पाच माणसांचे धैर्य औट्रमच्या धैर्याहून अधिक होते, असे आम्हांस वाटते. त्यांची नावे इतिहासाने जपून ठेवलेली नाहीत. औट्रमच्या पाठीमागे एक साम्राज्य उभे होते. त्यास मारले असते तर त्याचा सूड घेण्यास फौज आली असती, आणि हे नाईकांसही ठाऊक होते. या पाच जणांच्या मागे मात्र केवळ कोपरगावच्या विहिरी होत्या. ज्या धरणगावात आपल्या भाऊबंदांस बोलावून मारले, त्याच धरणगावात सरकारच्या शब्दावर विसंबून जावयाचे, तेथे रांगेत उभे राहावयाचे, हे सोपे नव्हते. ‘गोळा करतात ते मारण्यासाठीच’ ही शंका त्यांच्या मनात आली नसती तरच नवल. विश्वास टाकणे म्हणजे काय हे ज्यास पाहावयाचे असेल त्याने धरणगावच्या वेशीतून आत येणाऱ्या या पाच माणसांकडे पाहावे.

पाचांचे पंचवीस झाले, पंचवीसांचे शेकडो झाले. या वाढीतील एक प्रसंग विशेष सांगण्यासारखा आहे. औट्रमने आपले नवे शिपाई मालेगावच्या छावणीत नेले. तेथे त्याची मूळची तेविसावी पलटण होती, आणि तिच्यात उच्चवर्णीय शिपायांचा भरणा होता. भिल्लांस तुच्छतेची वागणूक मिळाली असती तर सगळा डाव तेथेच मोडला असता. परंतु त्या शिपायांनी भिल्लांस आपल्यात बसवून घेतले, त्यांच्याशी गप्पा केल्या आणि त्यांस पानसुपारी दिली. विड्याचे एक पान ते काय! पण आपल्या देशात पान देणे म्हणजे माणूस म्हणून ओळख देणे होय. तनख्याने जे साधले नसते ते त्या पानाने साधले. सरकारने विश्वास ठेवला हे एक झाले. पण शेजाऱ्याने मान दिला हे त्याहून वेगळे आहे, आणि आमच्या मते अधिक मोलाचे आहे.

हळूहळू या पलटणीकडे खजिन्याचे पहारे, तुरुंगाची राखण आणि डोंगराच्या पायथ्याची ठाणी आली, आणि तेथून लष्कराच्या तुकड्या काढून घेण्यात आल्या. माग काढण्याची जी विद्या जागल्याच्या अंगी होती तीच आता पलटणीच्या कामी आली. १८२८ साली जिल्ह्याच्या मॅजिस्ट्रेटने कळविले की, २० वर्षांत प्रथमच या प्रांतास सलग सहा महिने स्वस्थता लाभली आहे. सहा महिने! ही मुदत वाचून आजचा वाचक हसेल. परंतु ज्या कुणब्याने २० वर्षे प्रत्येक सुगीला खळ्यावर जागून रात्र काढली, त्याला त्या सहा महिन्यांची किंमत ठाऊक होती.

औट्रमची युक्ती अगदी नवी होती असे नाही. बंगालात भागलपूरच्या डोंगरात ऑगस्टस क्लीव्हलँड याने १७८० नंतरच्या काही वर्षांत पहाडिया लोकांची अशीच पलटण उभी केली होती; मेरवाड्यात १८२२ साली मेर लोकांची पलटण निघाली; आणि पुढे १८४१ मध्ये मेवाडातही भिल्लांची पलटण स्थापन झाली. या सर्व ठिकाणी एकच गोष्ट आढळते. ज्याच्यापासून भय वाटते त्याच्याच हाती राखण सोपवावी, आणि त्याचा मोबदला वेळेवर द्यावा. नीट पाहिले तर हे तत्त्व आपल्या जागल्याच्या वाट्यातच होते. इंग्रजांनी ते नव्याने शोधले नाही. आपण मोडून टाकलेली वस्तू त्यांनी उचलून आपल्या कामास लावली.

‘आपल्या कामास’ हे शब्द आम्ही जाणून वापरले आहेत. कारण येथेच या कथेचा उणेपणा आहे. जुना जागल्या गावचा होता, नवा शिपाई सरकारचा झाला. भिल्लाचा विश्वास औट्रमवर बसला, धरणगावच्या पाटलावर बसला नाही. आणि पाटलाने तरी तो मिळविण्यासाठी काय केले? पहाऱ्याची चिंता मिटली तशी मैदानातील माणसाने डोंगराकडे पाठ फिरविली. १८३० साली हीच पलटण डांगातील भिल्ल राजांवर चालून गेली. भिल्लाकडून भिल्लाचे पारिपत्य करविणे ही राज्यकर्त्यांची सोय झाली. त्यास सलोखा म्हणता येणार नाही. १८३५ मध्ये औट्रम खानदेश सोडून गेला. पुढे लखनौच्या वेढ्यात त्याचे नाव झाले. धरणगावास मागे राहिला त्याचा बंगला.

एका माणसावर बसलेला विश्वास किती कच्चा असतो हे १८५७ साली दिसून आले. सेंधव्याच्या घाटाची राखण ज्याच्याकडे होती तो खाज्या नाईक सरकारी नोकर होता. एका प्रकरणात त्यास शिक्षा झाली, नोकरी गेली, पुन्हा मिळाली. आणि उत्तरेतील उठावाची वार्ता येताच तो भीमा नाईकासह उठला. ११ एप्रिल १८५८ रोजी आंबापाणी येथे सातपुड्यात लढाई झाली. तीत भिल्ल मोठ्या संख्येने पडले, आणि पकडलेल्यांपैकी अनेकांस तेथेच गोळ्या घालण्यात आल्या. घाट राखणारा हात पुन्हा एकदा घाट अडविणारा झाला होता. खानदेशात औट्रमची भिल्ल पलटण त्या वेळी सरकारशी एकनिष्ठ राहिली, म्हणजे दोन्ही बाजूंस भिल्लच होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही पलटण पोलीस दलात विलीन झाली.

त्याच शतकात, कसलाही गाजावाजा न होता, दुसरा एक विश्वासघात चालू होता. त्यास तलवार लागली नाही, दस्तऐवज पुरला. १८७८ च्या जंगल कायद्याने डोंगर सरकारी झाला, आणि पायथ्याच्या भिल्लांची जमीन सावकाराच्या वहीतून हातोहात गेली. औट्रमच्या काळी ज्यांस बैल आणि तगाई देऊन स्थिर केले, त्यांचे नातू दुसऱ्याच्या शेतावर सालदार म्हणून राबू लागले. या कामी जे पुढे होते त्यांत आमच्यासारख्या लिहित्यावाचत्या घराण्यांचाही वाटा होता. कोर्टातील अर्ज कोणी लिहिले, हे विचारले की उत्तर आपोआप मिळते.

मग जुना प्रश्न पुन्हा उभा राहिला, तो स्वराज्यात. शहादे तालुक्यात बागायती शेती वाढली तशी पिकांची चोरी होते अशी मोठ्या शेतकऱ्यांची तक्रार सुरू झाली, आणि पीकरक्षणासाठी त्यांनी आपले राखणदार नेमले. भुकेल्याची चोरी आणि धनिकाचा पहारा यांचा शेवट काय होतो हे १८०४ ने सांगून ठेवलेच होते. १९७१ च्या मे महिन्यात पाटीलवाडी येथे धान्य मागण्यास गेलेल्या आदिवासींवर गोळीबार झाला आणि एकाचा बळी गेला. या वेळी मात्र भिल्लांचा नाईक डोंगरात गेला नाही. अंबरसिंग सुरतवंती यांनी सभा, मोर्चे आणि मागण्या यांचा मार्ग धरला. ३० जानेवारी १९७२ रोजी शहाद्यास भूमुक्ती मेळावा भरला, त्याच वर्षी श्रमिक संघटना निघाली, आणि गेलेल्या जमिनी परत मिळविण्याची चळवळ सुरू झाली. आदिवासींच्या जमिनी परत देण्याचा कायदा महाराष्ट्रात १९७४–७५ मध्ये झाला.

या चळवळीतील एक गोष्ट औट्रमच्या कथेशेजारी ठेवण्यासारखी आहे. औट्रमने नाईकांची मने जिंकली त्यात मद्याचा हात होता. दीडशे वर्षांनी शहाद्याच्या भिल्ल स्त्रियांनी गावोगाव फिरून दारूची मडकी फोडली. घरात मारहाण होऊ नये, मजुरीचा पैसा उडू नये, म्हणून त्यांनी आपल्या वस्तीची राखण आपणच हाती घेतली. सुरक्षितता म्हणजे केवळ सावकाराच्या तिजोरीची नव्हे, भिलाटीतील चुलीचीही असते, हे त्यांनी दाखविले. आजवरच्या कोणत्याही एजंटाच्या यादीत ही बाब नव्हती.

आज कायद्याने आणखी एक पाऊल पुढे टाकले आहे. नंदुरबार जिल्ह्याचा मोठा भाग, तसेच धुळे आणि जळगाव जिल्ह्यांतील सातपुड्याकडील पुष्कळ गावे घटनेच्या पाचव्या अनुसूचीखाली येतात. १९९६ च्या केंद्रीय कायद्याने तेथील ग्रामसभेस आपल्या रूढीप्रमाणे तंटे मिटविण्याचा आणि आपल्या साधनसंपत्तीचे रक्षण करण्याचा अधिकार मान्य केला. त्यासाठी महाराष्ट्राने २०१४ मध्ये नियम केले. अमेरिकेत मूळ रहिवाशांच्या जमातींचे स्वतःचे शासन आणि स्वतःचे पोलीस असतात, आणि शेजारच्या परगण्याच्या पोलिसांशी ते करार करून एकमेकांच्या हद्दीत एकमेकांस अधिकार देतात. कागद वेगळे असले तरी तत्त्व ओळखीचे आहे. शिवेपर्यंत माग तुम्ही काढा, पुढे आम्ही काढतो, असेच दोन जागले एकमेकांस सांगत असत.

परंतु कायदा ग्रामसभेस अधिकार देऊ शकतो. शेजारच्या गावाकडून तिला मान मिळवून देऊ शकत नाही. धरणगाव अनुसूचित क्षेत्रात नाही. ते शेजारी आहे, आणि शेजाऱ्याचे काम कोणत्याही नियमावलीत लिहिलेले नसते. डोंगरातील ग्रामसभेने एखादा तंटा मिटविला तर मैदानातील व्यापारी तो निवाडा मानील काय? गावात चोरी झाली की पहिला संशय भिलाटीवर जातो, ती सवय सुटेल काय? सालदाराचे साल वेळेवर चुकते होईल काय? खानदेशातील उद्याची शांतता या लहान लहान प्रश्नांच्या उत्तरांवर अवलंबून आहे, असे आम्हांस वाटते.

औट्रमच्या नावाची आठवण खानदेशाने जपली आहे. तिच्याशेजारी, ज्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत त्या पाच भिल्लांचीही आठवण राहावी, एवढीच आमची इच्छा आहे. ज्या गावाने त्यांच्या भाऊबंदांस फसविले त्या गावात ते आले, आणि गावाची राखण करीत राहिले. त्यांनी आपला शब्द पाळला. गावाच्या शब्दाचा हिशेब अद्याप पुरा व्हावयाचा आहे.